पदराखालची ढेकळं

म्हातारी आजही आली. आटलेल्या तळ्यातला गाळ मी जेसीबीने उपसत होतो आणि ती काठावर बसून ढेकळं निवडत होती. एकेक ढेकूळ उचलायची, गालाला लावायची. बहुतेक फेकून द्यायची; एखादंच टोपलीत ठेवून पदराने झाकायची.

चिखलावर कोण पदर घालतं? नक्कीच हिला गाडलेलं सोनं गावलं असणार. तीन दिवस मी गप्प राहिलो. चौथ्या दिवशी मशीन बंद करून खाली उतरलो.

“आजी, टोपली दाखवा.”

“हात लावू नगं, बाबा.”

माझा संशय पक्का झाला. मी एक ढेकूळ हिसकावून फोडलं. आत मुठीएवढं, ओलसर काहीतरी होतं. त्याने डोळा उघडला.

“बेडूक हाय,” ती म्हणाली. “उन्हाळाभर मातीत निजतो. पावसात हळदीसारखा पिवळा होऊन बैलागत ओरडतो. भाताची रोपं कापणारे खेकडे हाच खातो. ढेकूळ गार लागलं, की आत जीव असतो. गावतील तेवढे शेतात नेऊन पुरते.”

“सगळे गावले का?”

तिने जेसीबीच्या चाकांकडे बघितलं. चार दिवस मी त्याच गाळावर मागेपुढे करत होतो.