पांढरं बटण

धाकटा धापा टाकत आत आला तेव्हा त्याच्या गळ्यात टेप होती आणि हातात कुणाच्या तरी शर्टाची एकुलती एक बाही.

"काय झालं, आई?"

"काही नाही रे. जरा गरगरलं," आई म्हणाली आणि त्याचा हात धरून बसली.

थोरला समोरच्याच खुर्चीत होता. आईला गरगरलं तेव्हाही तो तिथंच होता. पाणी त्यानं दिलं, पंखा त्यानं लावला, पाय उशीवर कसे ठेवायचे हेही त्यानंच समजावून सांगितलं. पण आईचा चेहरा खुलला तो या बाहीवाल्याला बघून.

"दादा, तू नीघ आता. मी बसतो हिच्याजवळ," धाकटा म्हणाला. "अशा वेळी भोवती गर्दी नको."

"मी एकटाच तर आहे."

"तेच म्हणतोय."

थोरला निघाला. जिना उतरतोय तोवर वरून आईच्या हसण्याचा आवाज आला. नुसतं तोंड दाखवलं की आईला बरं वाटतं, एकेकाचं नशीब असतं. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

सगळं त्या बटणांमुळे होत होतं. आईच्या गळ्यातल्या दोरीला दोन बटणं होती, एक लाल, एक पांढरं. दाबलं की कपाटावरची डबी ईमेल पाठवायची आणि मोबाइल कंपनी त्या ईमेलचा मेसेज करून फोनवर टाकायची. ही सोय फक्त धाकट्याच्या कंपनीकडे होती. थोरला पूर्वी त्याच कंपनीचा ग्राहक होता, पण फुकटच्या थर्मासपायी त्यानं दुसरी धरली. थर्मास गळका निघाला. आणि आता अडीअडचणीला आई बोलवणार कुणाला, तर शिंप्याला. थोरला कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. त्यानं शिट्टी मारली की मॅनेजरसकट सगळा कारखाना मैदानात येऊन उभा राहायचा. आईला मात्र त्याच्या शिट्टीची किंमत नव्हती.

"लाल कशाला आणि पांढरं कशाला?" त्यानं एकदा विचारलं होतं.

"लाल, मी पडले-बिडले तर. पांढरं बाकीच्या अडचणींना."

"कसल्या अडचणी?"

"वय झालं की असतात रे," आई म्हणाली आणि भिंतीकडे बघू लागली.

बायकांचं काहीतरी असेल, म्हणून त्यानं विषय वाढवला नाही.

मग एके दिवशी धाकट्याचा फोन आला. आवाज रडवेला होता.

"दादा, कंपनीनं कळवलंय. ईमेलचे मेसेज करून द्यायची सेवा बंद. कायमची."

"का?"

"ग्राहकांच्या सोयीसाठी, असं लिहिलंय."

"अरेरे," थोरला म्हणाला आणि फोन ठेवून त्यानं घरातल्या घरात दोन गिरक्या घेतल्या.

धाकटा आईला डोळे तपासायला घेऊन गेला ती वेळ त्यानं साधली. मेकॅनिकला बोलावलं. मेकॅनिकनं डबी उघडली, लॅपटॉपला जोडली.

"ईमेलची भानगडच नको. डबीत सिमकार्ड घालतो, थेट मेसेज जाईल. नंबर कुठला टाकू?"

"माझा."

"एकच?"

"एकच. फक्त माझा."

मेकॅनिकनं नंबर टाकला. मग तो पडद्याकडे बघत थोडा थांबला.

"साहेब, आत दोन्ही बटणांचा मजकूर आधीच भरलेला आहे. लालचा ठीक आहे. पांढऱ्याचा बदलायचा का?"

"अजिबात नाही. त्याला जे येत होतं तेच मला आलं पाहिजे. अक्षरसुद्धा बदलायचं नाही."

"एकदा वाचून तरी घ्या."

"तुम्ही डबी बंद करा हो."

मेकॅनिकनं त्याच्याकडे बघितलं, पैसे घेतले आणि जिन्यावरून खोकत खोकत गेला. ते खोकणं नव्हतं असं थोरल्याला क्षणभर वाटलं.

संध्याकाळी त्यानं धाकट्याला फोन केला. "डबीचं काम करून टाकलंय. मेसेज येत राहतील. आईलाही सांग."

कुणाला येतील ते त्यानं सांगितलं नाही.

"तू केलंस?" पलीकडचं शिलाई मशीन थांबलं. "आतला मजकूर... वाचलास का?"

"मला काय करायचाय तुझा मजकूर?"

"हो ना. तेच," धाकट्याचा जीव भांड्यात पडला. "थँक्यू हं, दादा."

आठवडाभर थोरला फोन घेऊन जेवला, फोन घेऊन झोपला. कारखान्यात फोन वाजला की शिट्टी तोंडात धरून उठायचा. एकदा बँकेच्या कर्जाच्या जाहिरातीनं अर्धा कारखाना मैदानात आला. आईचा मेसेज काही आला नाही.

रविवारी तो नेहमीप्रमाणे तिच्याकडे गेला. गॅसची नळी वाकवून बघितली, औषधांच्या तारखा मोठ्यानं वाचल्या, उंबऱ्यावरची पिवळी-काळी पट्टी नव्यानं चिकटवली. मग जमिनीवर गादी पसरली.

"हं आई, आज पडायची रंगीत तालीम. माणूस पडतो त्यात वाईट काही नाही, चुकीचं पडतो ते वाईट. आधी गुडघा, मग कोपर. मी करून दाखवतो."

त्यानं दोनदा पडून दाखवलं. तिसऱ्यांदा पडताना त्याचं लक्ष आईकडे गेलं. तिचे डोळे मिटले होते. एक हात हळूच छातीशी गेला होता.

"आई?"

"काही नाही रे. जरा गरगरतंय."

आणि त्याच्या खिशातला फोन थरथरला.

थोरल्याचं काळीज सुपाएवढं झालं. आईनं बोलावलं होतं, आणि ते त्याला. शिंप्याच्या फोनवर आज काहीही वाजणार नव्हतं.

"घाबरू नकोस, आई. मी आहे ना," तो गादीवरूनच म्हणाला. आईनं डोळे आणखी घट्ट मिटले.

त्यानं चष्मा लावला आणि मेसेज उघडला.

"दादा आलाय. असशील तसा ये."