बंद पडंल तव्हा

मिस्त्रीनं स्कॅनर लावला, प्लग पाहिले, भोकरदनच्या बाजारातून गाडी फिरवून आणली. एकदाही बंद पडली नाही.

"काल धावड्याच्या रस्त्यावर चालता चालता बंद पडल्ती," अंगद म्हणाला.

"पडली असंल भाऊ. पण आता तर बराबर चालून राह्यली. फॉल्ट दिसल्याबिगर हात कुठं लावू? बंद पडंल तव्हाच घेऊन या."

अंगदनं मागच्या सीटवर झोपलेल्या लेकीकडं, राजनंदिनीकडं पाहिलं. सगळ्या तपासण्या करून सकाळी डॉक्टरही हेच म्हणाले होते. रिपोर्टमध्ये काहीच दिसत नाही, पुन्हा फिटचा झटका आला की लगेच घेऊन या.

तेव्हा धावड्याच्या घरून तिला आणायचं होतं ते याच गाडीतून.