तिसऱ्या ग्लासातला धूर

तिन्ही ग्लासांना एकच वास येत होता. म्हणजे कसलाच येत नव्हता.

नाकसाहेबांनी तरीही डोळे मिटले, मान किंचित तिरकी केली आणि "हं" म्हणाले. चहाच्या कंपनीत बत्तीस वर्षं चव पारखलेल्या माणसाला "हं" कुठे म्हणायचं ते वासावाचूनही कळतं.

तीन आठवड्यांपूर्वी साधी सर्दी झाली होती. सर्दी गेली आणि जाताना वास सोबत घेऊन गेली. त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. तिचं तसंही हल्ली लक्ष ठिकाणावर नसे. रोज संध्याकाळी दूध गॅसवर विसरायची आणि मग पातेलं खरवडत बसायची. पूर्वी साहेबांनी फाटकातूनच आरडाओरडा केला असता. आता काळं पातेलं दिसलं तरच कळायचं, आणि कळूनही ते चोरासारखे गप्प राहायचे.

कंपनीत ते पानांचा रंग आणि मदतनीस बाईंचा चेहरा पाहून वेळ मारून नेत. बाईंची डावी भुवई वर गेली की चहा बरा, ओठ आवळले की माल परत. पण उद्या मालक स्वतः समोर बसणार होते, बावीस नमुने मांडले जाणार होते आणि बाई रजेवर होत्या. इतकी वर्षं मिरवलेलं नाक उद्या सगळ्यांदेखत कापलं जाणार, यात शंका नव्हती.

त्यात आज मेव्हण्याची व्हिस्की. आयुष्यात थेंब न घेतलेल्या या गृहस्थांना पन्नाशीला धुराच्या वासाची व्हिस्की चाखायची हुक्की आली होती. "भावोजी, तुम्हीच निवडा. सौम्य बघा हं, नवशिका आहे मी. तुमच्यासारखं नाक आमच्याकडे असतं तर तुम्हाला त्रास दिला नसता!" भावोजी तरी कुठले जाणकार? जिभेला जपायचं म्हणून ते कच्चा कांदासुद्धा खात नसत.

दुकानाची मालकीण बेरकी होती. कंपनीतले अर्धे साहेब तिचं गिऱ्हाईक. एवढं मोठं नाक आपण होऊन दुकानात आलेलं पाहून ती खुलली.

"मी काय सांगणार तुम्हाला? तुम्हीच ओळखा. एकात कडक धूर आहे, तो नवशिक्याला दिला की माणूस जन्माचा पळतो. सौम्य शोधा. चमचाभर पाणी घातलंय, म्हणजे वास मोकळा होतो. नाक आत खुपसू नका, काठावर धरा. घाई नाही."

नको म्हणावं तर उद्या सकाळपर्यंत कंपनीत बातमी. रंगावर जावं तर तिन्हींचा रंग सारखा. त्यांनी सवयीने तिच्या भुवयांकडे पाहिलं. भुवया ढिम्म.

पहिला ग्लास. शून्य. दुसरा. शून्य. तिसरा त्यांनी काठावर धरला आणि ते थबकले. खूप आत, कुठेतरी, एक बारीक धागा हलला. दूर कुणीतरी पालापाचोळा पेटवावा तसा.

"हा!" ते जवळजवळ ओरडलेच. "हाच. मऊ, हलका धूर."

मालकीण खळखळून हसली. "साहेब, फसलात! तिसऱ्यात धुराचं नावसुद्धा नाही. गंमत म्हणून ठेवला होता तो."

म्हणजे भासच. नाकसाहेबांनी ग्लास खाली ठेवला, हातभर लांब सारला. धागा तुटला नाही. उलट जाड झाला.

"बाई, मागच्या खोलीत काय आहे?"

"काय असणार? रिकामी खोकी, आणि माझा हीट..." शब्द अर्धा टाकून ती धावली.

हीटरवर एक खोकं कललं होतं. कोपरा काळा पडून धुमसत होता, ज्वाळ अजून नव्हती. तिने हीटरची वायर उपटली, बादली ओतली आणि तिथेच स्टुलावर बसली. "दिवसभर या बाटल्यांत राहून माझं नाक मेलंय. मला कळलंच नसतं हो."

साहेब ओला, जळका पुठ्ठा हातात घेऊन हुंगत होते. गुलाब हुंगावा तसे. पुन्हा पुन्हा.

मग ते बाहेर आले आणि तिन्ही ग्लास पुन्हा उचलले. "पहिला मेव्हण्याला झेपायचा नाही. दुसरा द्या. आधी मध, आणि मागून विझत आलेल्या चुलीचा धूर."

"अगदी बरोबर! मग मघाशी काय झालं होतं?"

"मघाशी मी एकटाच आलो होतो. नाक मागाहून पोचलं."

ती पुन्हा हसली. त्यांनी हसू दिलं.

घरी येताना त्यांना रस्ता पुरेना. बेकरीचा पाव, ओला रबर, चांभाराच्या दुकानातलं पॉलिश, पुढे चाललेल्या बाईचं स्वस्त अत्तर. एरवी नाक मुरडलं असतं. आज प्रत्येकाला जुना सोयरा भेटल्यागत ते थांबत होते. उद्याचे बावीस नमुने आता खुशाल बेचाळीस होऊ देत.

फाटकाशी येताच ते थांबले आणि तिथूनच ओरडले, "अगं, लक्ष कुठाय तुझं? दूध करपलंय!"

स्वयंपाकघरात काहीतरी खणकन पडलं. बायको दारात आली. डोळ्यांना पदर लावलेला, आणि तोंडभर हसू.

"आला का वास शेवटी!" ती म्हणाली. "तीन आठवडे रोज करपवतेय, तुम्ही कधी ओरडताय याची वाट बघत."