दहाव्याचा कावळा

पिंडाला कावळा शिवेना.

प्रवरेच्या घाटावर ऊन चढलं होतं. समोरच्या बाभळीवर चांगले सात-आठ कावळे हजर, पण एक खाली उतरेल तर शपथ. गुरुजींनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"सरांच्या मनात काहीतरी राहिलंय," ते म्हणाले. "बोला कुणीतरी. मोठ्यानं बोला."

गेलेल्या नृसिंहसरांचा पुतण्या शौनक पुढे झाला. "काका, तुमची पुस्तकं वाचनालयाला देऊ." कावळे ढिम्म. "काकूला अंतर देणार नाही." तरी ढिम्म.

सरोजिनी गप्प उभी होती. नवऱ्याच्या मनात काय अडकलंय ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सरकारविरुद्ध पत्रकं वाटली म्हणून त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, ईराला, सरकारी माणसं दीड महिना शोधत होती. ती कुठे आहे ते सांगेनात, म्हणून सरांना नेलं आणि चौथ्या दिवशी चादरीत गुंडाळून आणून दिलं. त्यांनी ब्र काढला नव्हता. भिंतींना कान असतात, असं पूर्वी म्हणायचे. आता घाटावरच्या खांबांनाही फुटले होते. शिवाय खांबाखाली, बूट काढून, अगदी आदबीनं, देखरेख खात्याचा आदिनाथ उभा होता. सरांचाच विद्यार्थी.

"काकू, बोला की," तो हळूच म्हणाला. "सरांचा जीव अडकलाय. आमी काय परके हाय का?"

तिला सगळं लख्ख कळलं. मारूनही जे बाहेर पडत नाही, ते दहाव्याला घरची माणसं आपणहून बोलतात. या मेल्या आदिनाथला कावळ्याची वाट नव्हती, बोलण्याची होती.

"गुरुजी, दर्भाचा कावळा करा," ती म्हणाली. "तोच शिववा आणि आटपा."

जमलेली माणसं चपापली. नवऱ्याला असं अतृप्त धाडते ही बाई! तिचा ऊर फुटत होता, पण पोर वाचायला हवी होती. गुरुजींनी निमूटपणे दर्भ उचलला.

"थांबा हो!" मागून सासूबाई पुढे आल्या. पुष्पावतीबाई, ऐंशी वर्षांच्या. लेक गेल्यापासून अन्नाला हात लावीनात, म्हणून कालच सरोजिनीनं त्यांना नातीचा ठावठिकाणा कानात सांगितला होता.

"आई, नको!" सरोजिनी धावली.

म्हातारीनं पिंडासमोर हात जोडले होते. "नरू, बाळा, जिवाला घोर लावून घेऊ नकोस रे. ईरा खर्ड्याला आहे, रतनबाईच्या वस्तीवर. सुखरूप आहे. जा तू आता."

कावळा उतरला. पिंडावर चोच मारून, घास घेऊन उडाला.

"शिवला! शिवला!" सगळ्यांच्या जिवात जीव आला. शौनक रडायला लागला. म्हातारी कितीतरी दिवसांनी हसली.

आदिनाथनं पिंडाला मनापासून नमस्कार केला, आणि तिथेच उभ्या उभ्या फोन कानाला लावला.