दुसरी थाप

खाटेशेजारचं यंत्र चीफच्या खांद्याएवढं उंच होतं, आणि त्यातलं एकही बटण त्याला कळत नव्हतं.

अकरा वर्षं दर रविवारी तो टीव्हीवर अंतराळयानाचा मुख्य इंजिनिअर होता. यानाचं इंजिन दर भागात बंद पडायचं. सगळे हवालदिल होऊन बघत राहायचे. मग चीफ पुढे येऊन पॅनेलवर दोन थापा मारायचा आणि दिवे लखकन लागायचे. मालिका संपून जमाना लोटला, तरी रस्त्यात लोक त्याला चीफच म्हणत. घरचा फ्यूज मात्र बायको बदलायची.

ते दिवे लावणारा माणूस आता खाटेवर होता. सेटवर त्याला बटणमास्तर म्हणत. प्लायवुडच्या पॅनेलमागे उकिडवा बसून, बटणावर बोट ठेवून तो हळूच सांगायचा, "मी तयार आहे." पहिली थाप पडली की श्वास धरायचा, दुसरी पडली की बटण. दुसरीच्या आधी त्याचं बोट कधी हललं नाही. एकदा चीफ पहिल्या थापेनंतर संवादच विसरला. चर्चा झाली, चहा झाला, दिग्दर्शकाचं ओरडून झालं. हा गडी मागे तसाच. पाय इतके बधिर झाले की दोघांनी धरून उठवला. "नाव तुझं, बटण माझं," उठता उठता म्हणाला, "करविता नेहमी मागेच बसतो बाबा."

सिस्टरने सलाइनची बाटली बदलली आणि जाता जाता थबकली.

"राग मानू नका, पण आमचे बाबा तुमचं बघून मिक्सरला दोन थापा मारायचे."

"चालायचा?"

"छे. मग आई येऊन प्लग नीट बसवायची."

पायथ्याशी बसलेल्या वहिनी, मास्तरची बायको, हसल्या. चार दिवसांत पहिल्यांदाच. हसता हसताच त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"भाऊजी, याला एकदा हात लावून बघा ना."

"वहिनी, ते प्लायवुड होतं हो."

"मला सांगता? रंग यांनीच दिला होता. माझी नवी चादर खाली अंथरून." त्यांनी यंत्राकडे बोट केलं. "तरी बघा."

चीफने यंत्रावर तळवा टेकवला. यंत्र कोमट होतं, एखाद्याच्या कपाळासारखं. आत कुठेतरी हवा सुस्कारत होती. पडद्यावरची हिरवी रेघ होती तशीच चालत राहिली, आणि मास्तरची छाती यंत्र म्हणेल तेव्हा वर आली, म्हणेल तेव्हा खाली गेली. वहिनी चीफच्या हाताकडे बघत होत्या. किती वेळ ठेवायचा हेही त्याला कळेना. शेवटी त्याने तो काढून खिशात घातला.

दार उघडून मास्तरची मुलगी आणि तिच्यामागून डॉक्टर आत आल्या.

"चीफकाका, सही झाली माझी," मुलगी म्हणाली.

डॉक्टरांनी सकाळी सांगितलेलंच पुन्हा सांगितलं, अधिक हळू आवाजात. मेंदू थांबलाय. श्वास घेतंय ते यंत्र. वहिनींनी मान हलवली. त्यांचे ओठ केव्हापासून देवाचं नाव घेत होते, तेवढे थांबले नाहीत.

"काका, बाबांची एक अट आहे," मुलगी म्हणाली. "ऑपरेशनच्या आदल्या दिवशी म्हणाले, माझंच बटण बंद करायची वेळ आली तर चीफला बोलवा. त्याच्या दोन थापा पडल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

"चेष्टा केली असेल गं त्याने."

"चेष्टाच केली. पण मी हो म्हणून बसले ना."

चीफने डॉक्टरांकडे पाहिलं. त्या नियमावर बोट ठेवून नाही म्हणतील अशी त्याला आशा होती. डॉक्टर म्हणाल्या, "माझी काही हरकत नाही."

स्विच यंत्राच्या पाठीमागे, पार खाली होता. डॉक्टर गुडघे टेकून बसल्या. समोरून त्यांचे फक्त पिकलेले केस दिसत राहिले.

"मी तयार आहे," मागून आवाज आला.

चीफचा हात सवयीने वर गेला. सवयीनेच तो अर्धं पाऊल डावीकडे सरकला, कॅमेऱ्याला दिवे दिसावेत म्हणून. मग त्याला खाटेवरचा चेहरा दिसला. थापेने काही विझतं, हे त्या हाताला ठाऊक नव्हतं.

पहिली थाप पडली.

हात पुन्हा वर गेला आणि तिथेच राहिला. मुलीने वडिलांचं पाऊल चादरीवरून घट्ट धरलं होतं. सिस्टर भिंतीकडे बघत होती. यंत्रामागे काहीच हललं नाही. छाती वर आली, खाली गेली. वर आली, खाली गेली. चीफचा खांदा दुखायला लागला, पण हात काही खाली येईना.

वहिनींनी नवऱ्याच्या अंगावरची चादर सारखी केली.

"घाई नाही, भाऊजी," त्या म्हणाल्या. "यांना सवय आहे थांबायची."