रोवण्याची सोय

“इथे भिंतच नको.” नागपूरहून आलेल्या आर्किटेक्ट अजयने बांधावर पसरलेल्या नकाशावर बोट ठेवलं. “नुसतं तारेचं कुंपण. खुलं कारागृह. कैदी आपलं धान आपणच पिकवतील, आपणच रांधतील. पहारा कमी, वीज कमी, रेशन तर जवळपास बंदच.”

जेलरसाहेब खूश झाले. कुरखेड्याजवळचं हे नवं कारागृह राज्यात सगळ्यात कमी खर्चात चालावं, एवढंच त्यांना हवं होतं.

शेजारच्या धानाच्या बांधीत देवकाबाईची टोळी निंदण करत होती. तिला काही राहवलं नाही.

“साहेब, चिखल तं तुमचे कैदी करतीन. रोवणा कोण करन, रोपं कोण लावन?”

“तेच करतील,” अजय म्हणाला.

“गडी मानूस? रोवणा?” बाया अशा हसल्या, की बगळे उडाले. “आमच्याकडं रोवणा बायाच करतेत जी. गड्यानं कंबर वाकवली का थेट खाटेवरच सरळ होते.”

अजयचा चेहरा उतरला. “बाहेरून बाया लावल्या, तर वाचलेलं सगळं मजुरीत जाईल, सर.”

“ते माझ्यावर सोडा,” जेलरसाहेब म्हणाले.

देवकाबाईने खुरपं खाली ठेवलं. गावात रोवण्याचं मशीन आल्यापासून टोळीचं काम तुटलं होतं. पुढच्या साली सगळ्यांना मजुरीसाठी तेलंगणात जावं लागणार होतं, आणि टोळीतल्या गुणाबाईचं लेकरू तर अजून अंगावर पीत होतं.

“आमालेच सांगा नं, साहेब. दरसाल येऊ.”

“शब्द देतो. सगळा रोवणा तुमच्याच टोळीचा. राहायची, जेवायची सोय आमची.”

“अन् माह्या लेकराले आनता येईन?” गुणाबाईने विचारलं.

“येईल. सहा वर्षांपर्यंतचं लेकरू आईजवळ राहू शकतं.”

गुणाबाईचा जीव भांड्यात पडला. बोलणारा माणूस भला वाटला, म्हणून तिने डब्यातली भाकर पुढे केली. साहेबांनीही बांधावर बसून ती खाल्ली, बरं का.

“उन्हाळ्यात काय करता?” त्यांनी विचारलं.

“मोह वेचतो,” देवकाबाई म्हणाली. “थोडी गाळतो बी. जिल्ह्यात बंदी हाय, मालूम हाय आमाले. पन लगनात पाहुण्याले काय नुसता चहा पाजावा?”

“कोण कोण गाळतं?”

“पुरी टोळी. गुणाबाईची तं पोलीस पाटील मांगून नेते.”

साहेब मनापासून हसले. जाताना त्यांनी अजयला नकाशात एक लांबलचक खोली वाढवायला सांगितली.

पुढच्या आषाढात कारागृहाच्या बांध्या पाण्याने भरल्या. अजयच्या नकाशाला मुंबईत बक्षीस मिळालं. आणि देवकाबाईची टोळी, एकही बाई कमी नाही, गुडघाभर चिखलात ओणवी होती. तेलंगणात कुणालाच जावं लागलं नाही. गुणाबाईचं लेकरू बांधावरच्या झोळीत निजलं होतं. शब्द दिला तसा साहेबांनी पाळला.

दिवस कलला. शिट्टी वाजली. बायांनी पाय धुतले आणि त्या दोन-दोनच्या रांगेत उभ्या राहिल्या. मग शिपाईबाईने दारू गाळल्याबद्दल शिक्षा झालेल्या त्या सगळ्या कैदी बाया मोजून लांबलचक खोलीत घेतल्या, आणि बाहेरून कुलूप लावलं.