मुका कॉम्प्युटर

शनिवारी दुपारी जेवण होताच रोडेल बहिणीच्या खोलीत आला. उद्या पहाटे तो मनिलाला निघणार होता आणि तिथून नऊ महिने जहाजावर. नवा कॉम्प्युटर मी लावून देतो, तासाभराचं तर काम आहे, असं तो म्हणाला.

"मीच लावणार आहे," नेरिसा टेबलाखालून म्हणाली. ती वायरी चाचपत होती.

नेरिसाला जन्मापासून दिसत नाही. पडद्यावरचं सगळं कॉम्प्युटर तिला वाचून दाखवतो, आणि ती प्रोग्राम लिहिते. इलोइलोतल्या एका कंपनीने तिला त्याच कामावर घेतलं होतं. सोमवारी सकाळी आठच्या आत कंपनीचा सगळा कोड तिच्या कॉम्प्युटरवर चालायला हवा होता. आजवर तिचा कॉम्प्युटर रोडेलच लावून द्यायचा. तो समुद्रावर असताना बिघडला, की ती त्याची वाट बघायची. मागची नोकरी अशी वाट बघण्यातच गेली होती.

अडचण एवढीच की नवा कॉम्प्युटर कोरा असतो. बोलण्याची सोय आत घालेपर्यंत तो मुका. दावाओच्या एका अंध मैत्रिणीने तिला फोनवर वाट सांगितली होती. सुरू करताच वरच्या ओळीतलं एक बटण दाबत राहायचं, मग खालचा बाण दोनदा, मग एंटर, मग वीसपर्यंत मोजायचं. बारीक 'टूं' वाजलं की एस आणि एंटर. त्यानंतर तो बोलू लागतो. नेरिसाने हे दोन दिवस जेवताना, आंघोळ करताना घोकलं होतं.

"बसायचं तर बस," ती म्हणाली, "पण पडद्यावर काय दिसतंय ते सांगायचं नाही."

तिने कॉम्प्युटर सुरू केला. पंखा घुमला. बाण, बाण, एंटर. वीस मोजले. तीस मोजले. काहीच वाजलं नाही. तिने बंद करून पुन्हा पहिल्यापासून केलं. पुन्हा शांतता. मागे खुर्ची करकरली आणि रोडेलने श्वास आत ओढला.

"मानोंग, बाहेर बस," ती थोरल्या भावाला म्हणाली.

"मी एक शब्द तरी बोललो का, इंदाय?" धाकट्या बहिणीला तो लाडाने असंच म्हणायचा.

"तुझ्या श्वासावरून मला उत्तर कळतं."

तो उंबऱ्याबाहेर जाऊन बसला. तिथूनही त्याला पडदा दिसत होता. त्यावर पर्यायांची यादी नीट आली होती, कॉम्प्युटर नुसता तिच्या पुढच्या बटणाची वाट बघत थांबला होता. दोन शब्दांत सांगून झालं असतं. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले.

नेरिसा हात मांडीवर ठेवून बसली. मोजण्यात चूक नव्हती, दोन्ही वेळा तेच केलं होतं. मैत्रिणीने सांगितलेली वाटही चुकीची नसावी, ती स्वतः त्याच वाटेने गेली होती. म्हणजे कदाचित तो वाजतही असेल, आपल्यापर्यंत पोचत नसेल. ती कॉम्प्युटरच्या मागे वाकली. स्पीकरची पिन जिथे खोचली होती तिथे एकाखाली एक तीन भोकं होती. तिने पिन काढून खालच्या भोकात घातली. बंद. सुरू. बाण, बाण, एंटर. अठराव्या अंकाला टूं वाजलं.

तिने एस दाबलं, एंटर दाबलं. पत्र्याच्या डब्यातून यावा तसा आवाज आला आणि तिला भाषा विचारू लागला. नेरिसाने एकदाच तळहाताने डोळे पुसले आणि उत्तर दिलं.

त्यानंतर ती उठली नाही. आईने बाहेरून दोनदा खायला बोलावलं. पासवर्डची वेळ आली तेव्हा तिने तो पटकन टाइप केला. रोडेलला माहीत नसलेला हा तिचा पहिलाच पासवर्ड होता. मग कामाला लागणारा एकेक प्रोग्राम बसवला, कंपनीचा कोड उतरवून घेतला, चाचण्या चालवल्या. दोन नापास झाल्या. तिने चूक सांगणारा मजकूर तीनदा ऐकला, बसवायचा राहिलेला एक तुकडा शोधून बसवला, पुन्हा चालवल्या. सगळ्या पास झाल्या. आता तिने आवाजाचा वेग वाढवला, नेहमी ठेवायची तितका, आणि पहिली फाइल उघडली.

शब्द एकमेकांवर आदळत धावू लागले. रोडेल दारात येऊन उभा राहिला. त्याचा जन्म इंग्रजी बोलणाऱ्या कप्तानांच्या हाताखाली गेला होता, तरी त्याला या इंग्रजीतलं काही उमगेना.

"जरा हळू कर ना. मला एक अक्षर कळत नाहीये."

"तो तुझ्याशी बोलत नाहीये, मानोंग."

रोडेल आत आला, टेबलाशी वाकला आणि कडेचं बटण दाबून त्याने पडदा बंद केला. आवाज चालूच राहिला. नेरिसाची बोटंही.